लगदा होण्याआधी

दिवाळीच्या फराळाची सगळी मदार टिकण्यावर असते. चकली, शेव, शंकरपाळे, चिवडा. जे काही आहे ते तळलेलं, भाजलेलं, पाण्याचा अंश काढून टाकलेलं. झाकण घट्ट असलं की तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट बसवलं की न्यू जर्सीलाही पोचतं. पितृपक्ष संपायच्या आत कुरिअरवाल्यांच्या दारावर ‘परदेशी फराळ पाठवा’ अशा पाट्या लागतात, त्या याच भरवशावर. माझं माहेर साताऱ्याचं. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस पाण्यात पडलेले असायचे, भाजणी दळून आली की घरभर तिचा खमंग वास सुटायचा, आणि लक्ष्मीपूजनाच्या आधी कुणी डब्याचं झाकण उघडलं की आई स्वयंपाकघरातूनच आवाज ओळखून ओरडायची. दिवाळी म्हणजे ओळीनं मांडलेले डबे. लग्न होईपर्यंत मला याखेरीज दुसरी दिवाळी ठाऊक नव्हती.

लग्नानंतरची पहिली दिवाळी दिवाळसणाची, म्हणजे माहेरची. त्यामुळे सासरची दिवाळी दिसायला आणखी एक वर्ष गेलं. सासर सिंधुदुर्गात, कुडाळहून आत जावं लागतं अशा एका वाडीत. घरात माणसं भरपूर आणि डबे जवळजवळ नाहीतच. एका बरणीत थोडे लाडू, पाहुण्यांपुरत्या करंज्या, संपलं. सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सगळं घर काकी म्हणतं, त्यांनी मला सरळच विचारलं, “तुमच्या घाटार दिवाळेक काय काय करतत?” मी यादी सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “बरा. हय फॉव.”

फॉव म्हणजे पोहे. सिंधुदुर्गात नरक चतुर्दशीला चावदिवस म्हणतात आणि त्या पहाटे घराघरात पोहे होतात. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलं तरी तेच. सकाळी घाईघाईत कांदा चिरून उरकायचे ते पोहे वेगळे. हे पोहे एकाच पानात चार-पाच परींचे असतात, आणि त्यांच्यासाठी आदल्या दिवसापासून घर कामाला लागलेलं असतं.

आदल्या संध्याकाळी न्हाणीघर घासून पुसून घेतात. पाण्याचा हंडा चिंच लावून लखलखीत करतात, त्याच्या गळ्यात कारिटांची माळ घालतात. कारीट हे रानात वेलीवर येणारं सुपारीपेक्षा जरा मोठं, हिरवं, तोंड वाकडं करील इतकं कडू फळ. मुलं दुपारी ती गोळा करून आणतात आणि कुणाची किती यावरून भांडतात. स्वयंपाकघरात काळे वाटाणे सकाळपासूनच भिजत असतात, कारण हा वाटाणा हट्टी. दोन-चार तासांच्या पाण्याला तो दाद देत नाही. नारळ सोलून ठेवतात, गूळ चिरून ठेवतात. आणि गावातली पोरं कुठल्या तरी मांगरात रात्रभर नरकासुर बांधत बसलेली असतात: बांबूचा सांगाडा, आत नव्या भाताचं गवत, वरून कागद, आणि बरोबर कानठळ्या बसवणारं गाणं. त्या गाण्याबद्दल माझं मत अजिबात चांगलं नाही, पण ते सांगायची ही जागा नव्हे.

पहाटे अंधारात तेल-उटणं लावून आंघोळी होतात. मग तुळशीपुढे जाऊन डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, ‘गोविंदा गोविंदा’ म्हणून ओरडायचं, त्याची बी कपाळाला लावायची आणि रस जिभेला. आमच्याकडे त्यानंतर सातविणीच्या सालीचा रस घोटभर पितात; तो कारिटालाही गोड म्हणायला लावतो. सगळ्यात धाकटी पोरं हमखास थुंकतात आणि सगळ्यात म्हातारी माणसं मुद्दाम चव घेत पितात. नरकासुर मेला, कडू संपलं, असा त्याचा अर्थ सांगतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग एवढाच, की त्यानंतर तोंडात पडणारा गूळ-खोबऱ्याचा पहिला घास कधी नव्हे इतका गोड लागतो.

आता पोह्यांकडे येते, कारण खरं कौशल्य तिथं आहे.

दुकानातल्या पातळ पांढऱ्या पोह्यांचा इथे काही उपयोग नाही. लागतात ते गावठी, जाडसर, लालसर पोहे. ते रोवळीत धुऊन निथळायला ठेवतात. पण सगळे एकदम नाही. गूळ-खोबऱ्याचे पोहे आधी भिजवलेले चालतात. चिरलेला गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून हातानं सारखे केले की गुळाला पाणी सुटतं आणि पोहा त्यात हळूहळू मऊ होतो. त्यांना अर्धा तास मिळाला तर बरंच. फोडणीचे बटाट्याचे पोहे गरमच हवेत, म्हणून ते चुलीवर शेवटच्या दहा मिनिटांत. दह्यातल्या पोह्यांत आलं-मिरची-कोथिंबीर आणि वरून फोडणी; ते पाच मिनिटं थांबतात, सहाव्या मिनिटाला दही पिऊन कोरडे पडतात. आणि नारळाच्या रसातले पोहे तर अजिबात थांबत नाहीत. नारळाचा पहिला दाट रस वेगळा, दुसरा पातळ रस वेगळा. पातळात गूळ विरघळवून, दाट रस त्यात मिसळून, वेलची घालून भांडं तयार ठेवायचं. माणसं पानावर बसल्यावरच त्यात पोहे सोडायचे आणि सोडले की लगेच वाढायचे. जरा उशीर झाला की रस गायब आणि पातेल्यात लगदा.

दर पिढीला यात काही तरी भर पडते. माझी जाऊ अलिबागची. तिनं कोळाचे पोहे आणले: चिंचेचा कोळ, नारळाचा रस, गूळ, मीठ, हिरवी मिरची, वर फोडणी. आंबट, गोड आणि तिखट एकाच घासात. पहिल्या वर्षी काकींनी ते चाखून काही मत दिलं नाही, दुसऱ्या वर्षी “ते चिंचेचे करतलंस मा?” असं विचारलं, त्या घरात याहून मोठी पावती मिळत नाही. मी साताऱ्याहून चिवडा नेते. काकी तो मूठभर घेऊन दहीपोह्यांवर भुरभुरवतात आणि घाटावरच्या लोकांना निदान एवढं तरी जमतं, अशा नजरेनं माझ्याकडे बघतात.

या सगळ्यासोबत काळ्या वाटाण्याची उसळ, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावलेली, दाट, काळपट. दिसायला ती काहीच नाही. छायाचित्रात तर चिखल वाटेल. पण गोड पोह्यांचे दोन घास आणि उसळीचा एक, असं सुरू झालं की थांबायचं कुठं ते कळत नाही. गोव्यात दिलेली आत्या फोन करून दर वर्षी विचारते, “तुमचे किती प्रकार झाले?” तिच्याकडे आंबाड्यांचं गूळ-खोबरं घातलेलं आंबटगोड तोंडीलावणं असतं आणि ते आमच्याकडे नसतं, हे ती दर वर्षी न चुकता ऐकवते.

पण मला या जेवणातलं सगळ्यात मोलाचं जे वाटतं ते चवीबद्दल नाही. सणाच्या जेवणांची आपली रीत काय? आधी नैवेद्य, मग पुरुषांची पंगत, मग मुलं, आणि सगळं आटोपल्यावर बायका. माझ्या माहेरी गौरीजेवणाला आई आणि काकू चारच्या सुमाराला बसायच्या. पुरणपोळी तेव्हा गार, कटाची आमटी तळाला गेलेली, भज्यांचा चुरा. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही आणि कुणी त्यात बदल केल्याचंही पाहिलं नाही. पुरणपोळी थांबू शकते, म्हणून बायकांनाही थांबवता येतं.

रसातले पोहे थांबू शकत नाहीत. सासरच्या त्या पहिल्या पहाटे मी सवयीनं वाढायला उभी राहिले, तर काकी केळीच्या पानावर हात मारून म्हणाल्या, “बस गो! मागसून बसलंस तर लगदो खातलंस.” सासूबाई बसल्या होत्या, काकी बसल्या होत्या, जाऊ बसली होती. पातेली मध्ये होती आणि ज्याचा हात पोचेल तो वाढत होता. माझे सासरे, ज्यांनी त्या घरात कधी पाण्याचा तांब्या स्वतःहून उचलला नसेल, ते डावानं नातवंडांच्या पानात रस ओतत होते. मला वाटलं, हे घर फार सुधारलेलं दिसतं. पुढच्या गणपतीत तीच माणसं, तेच माजघर, आणि बायका पुन्हा शेवटच्या पंगतीला. तेव्हा कळलं की सुधारणा-बिधारणा काही नाही. मोदक थांबतात.

यावर भाळून जाऊ नये हेही खरं. पहाटे तीनला उठून उसळ शिजवणारे हात बायकांचेच आहेत आणि नारळ खवून खवून दुखणारे खांदेही त्यांचेच. एकत्र बसायला मिळालं म्हणून एकत्र राबणं आपोआप होत नाही. हल्ली नवरा आणि दीर नारळाचं काम घेतात. ते त्यांनी आपणहून घेतलं की जाऊबाईंनी विळीसमोर नेऊन बसवलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत. पण वर्षातलं एक सणाचं जेवण असं आहे की जे गरम असताना घरातल्या प्रत्येकीच्या पानात गरम असतं. ते कुठल्या विचारवंताच्या सांगण्यावरून घडलं नाही, पोह्याच्या स्वभावामुळे घडलं, याची मला अजून मजा वाटते.

पोहेच का, याचं उत्तर विचारलं की सुदामा पुढे येतो. नरकासुराला मारलं कृष्णानं, कृष्णाला आवडतात पोहे, सुदाम्यानं तेच नेले होते, म्हणून पोहे. गोष्ट गोड आहे. पण मला भाताच्या खाचरातलं उत्तर जास्त पटतं. कोकणात मृगाच्या पावसावर पेरलेलं हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येतं, गरवं त्याच्या मागून. म्हणजे दिवाळीत घरात नवं भात असतं. आता नव्या तांदळाचा भात शिजवून बघा: गिचका होतो, शीत सुटं राहत नाही, म्हणून जुनी माणसं तांदूळ मुरवून खातात. मग घरात आलेल्या नव्या पिकाचं कौतुक करायचं कसं? पोहे कांडून. नव्या भाताचे पोहे मऊ होतात, त्यांना एक ओला गोडसर वास असतो, जो दोन महिन्यांनी उरत नाही. सुदामा नंतर आला असावा आणि येऊन आरामात बसला असावा.

काकींना हे कांडणं आठवतं. भात गरम पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी उपसून तापलेल्या खापरात भाजायचं आणि गरम असतानाच उखळात घालायचं. गार झालं की दाणा चपटा व्हायच्या ऐवजी फुटतो, कणी होते. म्हणून एक जण भाजायला, दोघी समोरासमोर मुसळं घेऊन, आळीपाळीनं घाव. ताल चुकला की मुसळाला मुसळ आपटायचं. मग सुपात पाखडून तूस उडवायचं. काकी हे सांगताना हात वर-खाली करतात आणि मध्येच थांबून म्हणतात, “आता कोण करतलो?” त्यात खंत नसते. उखळ अंगणाच्या कोपऱ्यात उपडं पडलेलं आहे आणि त्यावर कोंबड्या बसतात, याचं त्यांना काही वाईट वाटत नाही. गिरणीवर पोहे होतात, भात देऊन घेऊन यायचं. कांडपाच्या आठवणीनं गहिवरणारे आम्ही, ज्यांनी मुसळ कधी उचललं नाही.

अडचण भाताचीच आहे. पाऊस हल्ली ऑक्टोबरातही हटत नाही. कापून आडवं पडलेलं भात भिजलं तर जागच्या जागी कोंब येतात. आमची खाचरं आता निम्मी पडीक. उरलेल्यात जे पिकतं त्यातलं एका पायलीचं भात पोह्यांसाठी बाजूला काढायचं, एवढा नेम दीर पाळतो. एखाद्या वर्षी तेही साधत नाही आणि मग पोहे बाजारातून येतात. काकी ते हातात घेऊन नुसत्या वासावरून सांगतात, गेल्या वर्षीचे आहेत.

आणि माणसांची अडचण. कोकणातली दिवाळी गणपतीच्या सावलीत असते. चाकरमान्याची रजा, पैसा, उत्साह सगळं चवथीला खर्च होतं. चवथीला आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, दिवाळीला मात्र कोण येणार ते शेवटपर्यंत ठरत नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा वाटलं होतं की आता काय, रात्री मुंबईत बसायचं आणि सकाळी कुडाळला उतरायचं. बसायला जागा मिळाली तर. नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे २०२५ मध्ये गणपती होते २७ ऑगस्टला, चावदिवस २० ऑक्टोबरला, आणि दिवाळीची तिकिटं काढायची वेळ आली ती नेमकी गणपतीच्या पिशव्या भरायच्या आठवड्यात. चवथीला जायच्या गडबडीत चावदिवसाची गाडी धरायची. घरातली निम्मी मंडळी तिथंच गळतात. “आत्ता तर जातोच आहोत ना?”

चवथीचे मोदक चुकले तर कुणी तरी परत येताना डब्यात घालून आणतं. लाडू, करंज्या, खाजं, सगळं मुंबई-पुण्याला येतं. पोहे मात्र कुणी आणून दिले, असं होत नाही. तुम्ही त्या पहाटे त्या घरात नसाल तर ते तुमच्यासाठी त्या वर्षी झालेच नाहीत.

पुतण्या दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीत गेला. त्याच्या आईनं फराळाचं खोकं पाठवलं, ते पोचलं, त्यानं फोटो टाकला, सगळं यथासांग. गेल्या चावदिवसाला त्यानं पहाटे व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे सहा वाजत होते, म्हणजे तिकडे रात्रीचे अडीच. भारतीय दुकानातून आणलेले पोहे आणि डब्यातलं नारळाचं दूध घेऊन त्यानं रसातले पोहे केले होते आणि मोबाइल काकींसमोर धरायला सांगितला. काकींनी चष्मा लावला. पडद्यावर पांढरंशुभ्र काही तरी पसरलेलं.

“ते फॉव न्हय रे, कागद तो,” काकी म्हणाल्या.

तो हसला. मग म्हणाला, “आजी, रस कधी घालू? आधी घातला तर सगळा शोषला गेला.” काकींनी त्याला पानं दाखवली, माणसं दाखवली. म्हणाल्या, आधी खाणारी माणसं बसव, मग रस घाल. तो म्हणाला, इथं मी एकटाच आहे. काकींचं उत्तर तयार होतं: “मगे तू आधी बस.” आणि तो खरंच बसला. मोबाइल कशाला तरी टेकवून, मांडी घालून, पलंगावरच. मग त्यानं वाटीत रस ओतला आणि आमच्याबरोबर खायला लागला. इकडे त्याच्या आईनं मान खाली घालून उसळीत काही तरी शोधायला सुरुवात केली. दिरानं विषय बदलला आणि नरकासुराच्या स्पर्धेत कुठल्या वाडीचा पहिला आला ते सांगू लागला.

इतक्यात अंगणातून हाका आल्याच. चावदिवसाची ही दुसरी बाजू: आपल्या घरचे खाऊन झाले की भावकीतल्या घरांत जायचं आणि तिथलेही खायचे. नाही म्हणता येत नाही. प्रत्येक घरच्या गुळाचं प्रमाण वेगळं, मिरचीचा हात वेगळा, आणि प्रत्येक घरी “आमचे कसे झाले?” हा प्रश्न. मुलं यात पटाईत; ती एका घरी फक्त रसातले, दुसऱ्या घरी फक्त बटाट्याचे, अशी आखणी करून निघतात. मोठ्यांना ते जमत नाही, मोठे प्रत्येक घरी सगळं खातात आणि दहा वाजता ओसरीवर आडवे होतात. रात्रभर नरकासुराबरोबर जागलेली पोरं त्यांच्या शेजारी.

दुपारच्या जेवणाला त्या दिवशी कुणाला भूक नसते. तरी काकी अकराला उठून विचारतातच, भात किती टाकू. कुणी उत्तर देत नाही. मग त्या स्वतःशीच हिशेब करतात, माणसं मोजतात, आणि मोबाइलकडे बोट दाखवून पुतण्याच्या आईला विचारतात की तो पोर अजून जागा आहे की झोपला, कारण कोळाच्या पोह्यांचं त्याला कुणी सांगितलंच नाही.